गादीवरून हाक

गार्गी: काका, ‘तब्येत कशी आहे?’ हे मी काकूंना विचारलं होतं.

शरच्चंद्र: कळलं मला. पण ती म्हणणार, ‘बरी आहे.’ तुम्ही मान डोलावणार. मग मला कशाला बोलावलंत, मॅडम? म्हणून मीच सांगतो. बरी नाहीये. काल जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबली होती.

माणिक: सावंतांच्या दारातली शेवंती बघायला थांबले होते. काय फुललीये ह्या वर्षी.

शरच्चंद्र: बघितलंत? हे असं.

गार्गी: कसं?

शरच्चंद्र: शेवंती बघायला थांबली, की दम लागला म्हणून थांबली आणि मग शेवंती बघितली, हे मला कसं कळायचं?

माणिक: विचारायचं.

शरच्चंद्र: विचारलं की चिडतेस.

माणिक: एकदा विचारलं तर नाही चिडत हो. पहिल्या पायरीला विचारता, मधल्या जिन्यात विचारता, कुलूप उघडताना परत विचारता. मला ‘बरी आहे’ म्हणायलाच अर्धा श्वास जातो.

गार्गी: काका, छातीच्या डॉक्टरांनी काकूंना पहिल्यांदा माझ्याकडे पाठवलं तेव्हा तुम्ही खाली रिक्षातच बसून राहिलात ना? तुमचं म्हणणं होतं, दमा छातीत असतो, डोक्यात नाही.

शरच्चंद्र: हे पण सांगितलंस तू ह्यांना?

माणिक: सांगायलाच तर येते मी इथे.

शरच्चंद्र: राग मानू नका मॅडम. म्हटलं होतं खरं. इथे बायको श्वासासाठी तडफडते आणि डॉक्टर म्हणतात, समुपदेशन घ्या. मला वाटलं, तिला सांगणार की सगळे मनाचे खेळ आहेत, पंप टाकून द्या. पेपरात येतं असलं काही काही.

गार्गी: असं कुणी सांगितलं तर सरळ उठून यायचं तिथून. दमा छातीतच आहे. रोजचा पंप, अचानक लागला तर तो निळा पंप, डॉक्टरांची औषधं, त्यातलं काही मी कमी करत नाही. मी बघते ती भीती. दम्याच्या शेजारी राहायला आलेली. गेल्या वर्षीपासून काकूंना जरा धाप लागली की वाटायचं, आलाच अटॅक. मग भराभर श्वास, बोटांना मुंग्या, डोकं हलकं. त्याने आणखी भीती. म्हणून हळूहळू सगळंच बंद. देऊळ बंद, गाणं बंद.

माणिक: हसणंसुद्धा. हसले की खोकला येतो ना.

गार्गी: आता ओळखता येतं का, काकू?

माणिक: बरंचसं. नुसत्या मुंग्या आल्या तर बहुतेक ती शेजारीण. छातीत शीळ वाजली, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर दमा. डॉक्टरांनी दिलेल्या त्या नळीत फुंकून काटा कुठवर जातो तेही बघते.

गार्गी: आणि शंका वाटली तर?

माणिक: शंका वाटली तर पंप. लाजायचं नाही.

गार्गी: ह्या लाजण्यासाठीच आज काकांना बोलावलंय. काका, गेल्या दत्तजयंतीचं काकूंनी मला सांगितलंय. आता तुमच्याकडून ऐकू दे. आणि मला सगळं समजावून सांगा हं. मी मालाडला वाढले, आमच्या सोसायटीत गरबा असायचा. कीर्तन मी कधी ऐकलेलं नाही.

शरच्चंद्र: कधीच नाही? अरे देवा. बरं, ऐका. आमच्या मुलुंडच्या दत्तमंदिरात दरवर्षी माणिकचं कीर्तन असतं. ती गादीवर उभी, मी डाव्या हाताला पेटीवर, राजाराम तबल्यावर. तो देवळाचं पण सगळं बघतो. आधी पूर्वरंग, म्हणजे उपदेश. मग हार, बुक्का, थोडा गजर. मग उत्तररंगात गोष्ट. आख्यान म्हणतात त्याला. त्या दिवशी हत्तीचं होतं. हत्ती तळ्यात उतरतो, मगर त्याचा पाय धरते, कळप सोडून जातो, आणि शेवटी हत्ती देवाला हाक मारतो. माणिकचं हे आख्यान म्हणजे एकदम झकास. अगदी अंधेरीहून लोक येतात.

माणिक: एक बाई येतात अंधेरीहून. त्यांची लेक राहते मुलुंडला.

शरच्चंद्र: तर मगरीने पाय धरलाय. आता हाक मारायची, आणि ही थांबली. हात वर, तोंड उघडं, आवाज नाही. मंडपात कुणी हलेना. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. पहिल्या रांगेतल्या सुगंधाबाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि मॅडम, मलाही तेच वाटलं. म्हटलं, आज रंगलीये बायको. मी पेटी चढवली. ती बिचारी श्वास शोधतेय आणि मी तिच्या पाठीमागे सूर भरतोय. खाली बसली तेव्हा कळलं. वाट लागली असती त्या दिवशी. राजारामच्या गाडीतून हॉस्पिटलात नेली.

गार्गी: पंप कुठे होता?

शरच्चंद्र: माझ्यापाशीच. पेटीच्या झाकणाखाली ठेवायचो. कुणाला दिसू नये म्हणून.

गार्गी: काकू, मागितला का नाहीत?

माणिक: गादीवरून मागत नाहीत गं.

गार्गी: म्हणजे?

माणिक: माझे वडील कीर्तनकार. अण्णा. त्यांच्या मागे झांज घेऊन उभी राहून मी शिकले. ती गादी नारदाची. तिच्यावर पाय ठेवला की आरती होईपर्यंत उतरायचं नाही, आणि तिथे उभं राहून स्वतःसाठी काही मागायचं नाही. लोकांसाठी मागा, गावासाठी मागा. स्वतःसाठी पाणीसुद्धा नाही. अण्णांचा घसा सुकला की ते लोकांना गजरात गुंतवायचे. तेवढ्यात कुणी ओळखून फुलपात्र पुढे केलं तर प्यायचे. नाही केलं तर तसेच पुढे.

गार्गी: आणि मागितलं तर काय होतं?

माणिक: काय होतं म्हणजे… कुणी मागितलेलं मी पाहिलंच नाही कधी.

गार्गी: ठीक आहे. ते राहू दे तसंच. काका, त्या दिवसापासून तुम्ही काय करता?

शरच्चंद्र: काय करणार? लक्ष ठेवतो. उदबत्ती बंद. मिरचीची फोडणी बंद. बाजूची सोसायटी पाडतायत, सगळी धूळ आमच्या खिडकीत, म्हणून खिडक्या बंद. रात्री जाग आली की हात धरून बघतो.

माणिक: माझ्या नाकाशी.

शरच्चंद्र: हो. नाकाशी. मग?

माणिक: गार्गी, ह्यांना मी सांगितलं नाहीये. मला रात्री खोकला आला ना, की मी उशीत तोंड खुपसते. आवाज गेला की हे उठणार, दिवा लावणार, गरम पाणी आणणार, आणि मग पहाटेपर्यंत पलंगाच्या काठावर बसून राहणार. वाईट वाटतं गं. म्हणून मी झोपेचं सोंग घेते, आणि हे नाकाशी हात धरून बघतात.

शरच्चंद्र: तू जागी असतेस?

माणिक: असते कधी कधी.

शरच्चंद्र: मग सांगायचं ना.

माणिक: काय सांगणार? तुमच्या हाताला कापराचा वास येतो. बरं वाटतं.

गार्गी: काकू, ह्या वर्षीच्या दत्तजयंतीचं काय ठरलं?

माणिक: राजारामभाऊ आलेच नाहीत अजून. एरवी दिवाळी आटोपली की नारळ घेऊन येतात. नारळ दिला की कीर्तन ठरलं. ह्या खेपेला घाबरले असतील. मी मात्र तू सांगितल्यासारखं करतेय हो. हे दूध आणायला गेले की आख्यान म्हणते. आधी बसून म्हटलं, मग उभं राहून, आता चिपळ्या घेऊन म्हणते. मध्ये धाप लागली तर थांबते, सावकाश श्वास सोडते, परत धरते. हत्ती तळ्यात उतरेपर्यंत छान जमतं. हाकेपाशी अडखळते, पण मागच्या आठवड्यात तीही मारली एकदा. हळू आवाजात.

शरच्चंद्र: राजाराम आला होता.

माणिक: कधी?

शरच्चंद्र: तू भाजीला गेली होतीस. नारळ घेऊन आला होता. मी सांगितलं, ह्यापुढे जमायचं नाही.

माणिक: आणि नारळ?

शरच्चंद्र: परत दिला.

गार्गी: काकू? पाणी हवंय?

माणिक: नको. थांब जरा. दमा नाही हा. राग आहे. आता वेगळा ओळखता येतो.

शरच्चंद्र: माणिक…

माणिक: मला विचारायचंत हो.

शरच्चंद्र: विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस.

माणिक: म्हणून विचारलं नाहीत.

शरच्चंद्र: म्हणूनच नाही विचारलं. तू हो म्हणशील, गादीवर उभी राहशील, परत तशीच थांबशील, आणि मी परत पेटी वाजवत बसेन. लग्न झाल्यापासून साथ करतोय तुला. कुठे तान घेणार, कुठे श्वास घेणार, कुठे लोकांना हसवायला थांबणार, मला वाटायचं सगळं मला ठाऊक आहे. आणि ज्या दिवशी कळायला हवं होतं त्या दिवशी हे कान बहिरे झाले. गोष्टीतला श्वास कुठला आणि तुझा कुठला, मला नाही कळत गं. म्हणून आता सगळेच ऐकत बसतो. एकही सुटायला नको.

गार्गी: सगळे ऐकून कळतं का, काका?

शरच्चंद्र: नाही. आणखीच गोंधळ होतो.

गार्गी: कारण तो श्वास काकूंचा आहे. बाहेरून नाही कळणार तुम्हाला. मलाही नाही कळणार. ज्याला कळतो त्याने सांगायचं, आणि दुसऱ्याने सांगेपर्यंत थांबायचं. काकू खरंच बोलू शकत नसल्या, ओठ निळे पडले, तर अर्थात थांबायचं नाही, धावायचं. पण एरवी थांबायचं. करून बघू या इथे? काकू, ते आख्यान थोडं सांगता मला? मी पहिल्यांदा ऐकणार आहे. काका, तुम्ही फक्त ऐकायचं.

माणिक: इथे? खुर्च्यांत?

गार्गी: उभ्या राहा हवं तर.

माणिक: बरं. तर मंडळी, एक होतं तळं. पाणी असं की आभाळाला आपला चेहरा बघायला तिथेच यावं लागे. त्या काठाला एक हत्ती आला. सोबत सगळा कुटुंबकबिला. उन्हाने अंग भाजलेलं. त्याने पहिलं पाऊल पाण्यात टाकलं आणि…

शरच्चंद्र: काय झालं? दम लागला?

माणिक: कमळांचं वर्णन आठवत होते.

गार्गी: हसू नका, काकू. खोकला येईल. नाही, हसा. हसा खुशाल. काका, परत एकदा.

शरच्चंद्र: सवयच झालीये हो. आता नाही बोलत. तोंडावर हात ठेवतो.

माणिक: त्याने पहिलं पाऊल पाण्यात टाकलं आणि… 

शरच्चंद्र: …

माणिक: अहो.

शरच्चंद्र: काय?

माणिक: ती पर्स द्या. पंप नकोय आत्ता, पण मागून बघतेय. कसं वाटतं ते.

शरच्चंद्र: घे. कसं वाटतं?

माणिक: विचित्र. अण्णा कोपऱ्यात उभे असल्यासारखं वाटतं. पण रागावलेले दिसत नाहीत.

गार्गी: आणि तुम्हाला, काका?

शरच्चंद्र: तेवढा वेळ थांबणं म्हणजे… बाप रे. पण तिने ‘अहो’ म्हटलं तेव्हा इतकं बरं वाटलं. सारखं ऐकत बसायला नको. ती सांगेल.

माणिक: सांगेन. पण आधी राजारामभाऊंना फोन करा.

शरच्चंद्र: परत दिलेला नारळ मागू कसा? काय म्हणेल तो?

माणिक: मला मागायला शिकवतेय ना गार्गी? तुम्हीही शिका थोडं.

(मार्गशीर्षातली संध्याकाळ. मुलुंडच्या दत्तमंदिराचा मंडप भरला आहे. माणिकताई चिपळ्या घेऊन गादीपाशी, शरच्चंद्र पेटीवर, राजाराम तबल्यावर. गार्गी मागच्या रांगेत मांडी घालून बसली आहे.)

राजाराम: ताई, धूप बाहेर पटांगणात नेलाय. हार तुळशीचाच सांगितलाय, निशिगंध नाही. बुक्का उधळणार नाहीत, बोटाने टिळाच लावतील.

माणिक: फार केलंत, राजारामभाऊ.

राजाराम: मी कसलं? शरदरावांनी फोनवर एवढं सांगितलं, मला वाटलं लग्नकार्य आहे घरात.

माणिक: अहो, पंप कुठे ठेवलात?

शरच्चंद्र: नेहमीच्या जागी. झाकणाखाली.

माणिक: वर ठेवा. पेटीवर.

शरच्चंद्र: लोकांना दिसेल.

माणिक: दिसू दे. देवालाही दिसू दे. निघताना सांगूनच आलेय त्याला. चला, सूर द्या.

राजाराम: शरदराव, सारखे हात काय चोळताय?

शरच्चंद्र: थंडी आहे.

राजाराम: मुलुंडला?

शरच्चंद्र: गप रे. ठेका धर.

माणिक: …तर मंडळी, आत्ताच पूर्वरंगात आपण म्हटलं, देव दूर नसतो, आपणच आवाज काढत नाही. आता त्या तळ्यापाशी चला. पाणी गुडघ्याला होतं, ते छातीला आलं. मगरीची पकड काही सुटेना. कळपाने पहिल्यांदा ओढून पाहिलं. सगळ्यांनी मिळून ओढलं. मग एकेकाला भूक आठवली, एकेकाला पिल्लं आठवली. कुणी वाईट नव्हतं हो. दुसऱ्याच्या दुखण्यापाशी किती दिवस उभं राहायचं? गेले. राहिली एक हत्तीण. हे आमच्या अण्णांच्या आख्यानात नव्हतं हं, हे मी सांगतेय. हत्तीण काठावर उभी. खाणं नाही, पिणं नाही, झोप नाही. नजर फक्त त्याच्या सोंडेवर. सोंड वर आहे ना? वर आहे. आता? वर आहे. आणि पाण्यातल्या त्या हत्तीला काय वाटत असेल? त्याला वाटायचं, मी सोंड खाली घेतली तर काठावर हिचा जीव जाईल. म्हणून तो दमला तरी दमलो म्हणेना. दोघं एकमेकांसाठी गप्प. मगर मात्र आपलं काम करतेय. अशी किती घरं असतील बघा ह्या मंडपात. आमचं एक आहेच.

राजाराम: वा, ताई.

माणिक: मग पाणी गळ्याला लागलं. आता मागे बघायला कळप नाही, पुढे बघायला काठ नाही. हत्तीने तळ्यातलं एक कमळ तोडलं. सोंड आभाळाकडे उचलली. आणि…

राजाराम: शरदराव. पेटी.

शरच्चंद्र: थांब.

राजाराम: लोक बघतायत. सूर तरी द्या.

शरच्चंद्र: ती सांगेल. थांब तू.

माणिक: मंडळी. हे… हत्तीचं नाही हं. हे माझं आहे. अहो… पंप द्या.

शरच्चंद्र: घे. हा घे.

राजाराम: गजर लावू का, ताई?

माणिक: नको. शांतच… बरं आहे. सुगंधाताई, पदर खाली घ्या. अभिनय नाही हा. दमेकरी बाई आहे मी. जरा बसा तुम्ही सगळे. मीही टेकते इथेच. गादीवरच.

शरच्चंद्र: टेक.

माणिक: हं. उतरतंय. आमच्या ह्यांची पेटी थांबलेली ऐकलीत का? मीही पहिल्यांदाच ऐकतेय. मंडळी, अण्णा सांगायचे, गादीवरून स्वतःसाठी मागू नये. मी ते पाळलं. गेल्या वर्षी तर इतकं पाळलं की राजारामभाऊंच्या गाडीतून हॉस्पिटल गाठावं लागलं. पण बसल्या बसल्या एक मनात आलं, बोलून टाकते. हे आख्यान मी लहानपणापासून ऐकतेय, सांगतेय. त्या हत्तीने काही गावासाठी मागितलं नव्हतं, पावसासाठी नव्हतं, कुणाच्या कल्याणासाठी नव्हतं. स्वतःच्या पायासाठी मागितलं होतं. आणि तरी देव धावत आला. पायात काही घालायलाही थांबला नाही. अण्णांना हे ठाऊक असणारच. कुणी तरी कधी तरी पाणी द्यायचंच त्यांना, म्हणून मागायची वेळ आली नसेल. असो. आता उठते.

शरच्चंद्र: सावकाश.

माणिक: उठले बघा. आता हा श्वास माझा, आणि पुढचा हत्तीचा. अहो, सूर द्या. नेहमीपेक्षा थोडा खालचा. तर मंडळी, हत्ती कुठवर आला होता आपला?

शरच्चंद्र: पाण्यातच आहे. घाई नाही. तू म्हणशील तेव्हा काढू.